मेहबूबभाईंची मोजणी

आश्विन लागला की माझी मान दुखायला लागते. डॉक्टर म्हणतात, मणके झिजलेत. झिजले असतील, पण मग ते वैशाखात का दुखत नाहीत? पाऊस उघडतो, ऊन चिडल्यासारखं पडायला लागतं, माळावरच्या कुसळी गवताचा रंग उडतो, वाटेच्या दोन्ही कडांना तरवड पिवळा होतो आणि माझी मान आपोआप वर जाते. वर बघायचं नाही असं मी दरवर्षी ठरवतो. दरवर्षी अंगणात उभा राहून, कपाळावर हात धरून वर बघतो. सून म्हणते, "मामा, कावळे मोजताव का? आत या, ऊन लागंल." मी तणतणत आत येतो.

कावळे नव्हेत, ससाणे. आमच्याकडे सगळ्याच शिकारी पाखरांना ससाणा म्हणतात. त्यात भोवत्या असतो, पिकावरून जमिनीलगत फिरणारा. खरुची असते, खुंटीला टांगल्यासारखी हवेत एका जागी थरथरणारी. आणखी पाचसहा जातींची नावं मी पुढं पुस्तकातून शिकलो आणि आता विसरलोही. थंडीच्या आधी ही पाखरं उत्तरेकडून येतात. काही आमच्या माळांवर मुक्काम करतात, बाकीची दक्षिणेला निघून जातात. आमच्या गावापाशी बालाघाटाचा डोंगर संपतो. संपतो म्हणजे एकदम तुटतो, आणि खाली सोलापूरकडचा सपाट मुलूख पसरतो. सकाळी ऊन चढलं की कड्याचा दगड तापतो, गरम वारा वर उठतो, आणि त्या वाऱ्यावर ही पाखरं पंख न हलवता गोल गोल वर चढतात. पुरेशी वर गेली की एकामागं एक दक्षिणेला घसरतात.

बघायला हे फार सुंदर असतं म्हणतात. ज्यांना मोजायचं नसतं त्यांना ते सुंदर दिसतं. मोजणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. एकच पाखरू चार वेळा फिरून समोर येतं. गावच्या घारी मध्येच घुसतात. त्यांना कुठं जायचं नसतं, नुसती गर्दी करायची असते. डोळ्यात चिलट जातं, एक शिंक येते, आणि सगळा हिशेब पार धुळीला मिळतो.

हल्ली या कड्यावर शहरातली तरुण मुलं येतात. हातभर लांबीचे कॅमेरे, हिरवट टोप्या, पाठीला पाण्याच्या नळ्या. मागच्या पंधरवड्यात त्यांच्यातला एकजण, निखिल नावाचा, माझ्या घरी आला. गोड पोरगा आहे, म्हणून आणखीच वैताग. म्हणाला, "आजोबा, या कड्यावर सगळ्यात आधी मोजणी तुम्ही केली. आम्हाला तुमचा सत्कार करायचाय." मी म्हटलं, "मी नाही केली." तो हसला. त्याला वाटलं, म्हातारा विनयानं बोलतोय. मग सोबतच्या पोराकडं वळून तो म्हणाला, "या वेळी आकडा नीट लिही हां. नाहीतर मेहबूबची मोजणी व्हायची."

शेवटी यानंही तेच म्हणावं!

ही म्हण आमच्या भागात सगळ्यांच्या तोंडी आहे. दुकानदारानं बिलात काही वाढवलं, कुणी फडात उसाच्या मोळ्या जादा सांगितल्या, पोरानं धावा वाढवून सांगितल्या, की लोक म्हणतात, "मेहबूबची मोजणी करू नको." हा मेहबूब कोण, विचारलं तर कुणालाच माहीत नाही. जुन्या काळचा एक लबाड मापाडी, असं सांगतात. साठ वर्षांहून जास्त काळ मी हे ऐकतोय. किराणा दुकानात ऐकलं, पंगतीत ऐकलं, मी शिकवत होतो त्या शाळेत ऐकलं. एकदा शिक्षकांच्या खोलीत मी स्वतः हसलोही आहे, कारण सगळे हसत होते.

मेहबूबभाई लबाड नव्हते. त्रासदायक होते, हे मात्र खरं.

त्यांचं घराणं मापाड्यांचं. खळ्यावर ज्वारीची रास पडली की पायली घेऊन ते यायचे. पहिलं माप टाकताना 'एक' म्हणायचं नाही. बाकीचे मापाडी 'लाभ' म्हणत. मेहबूबभाईंच्या घरात 'बरकत' म्हणायची पद्धत होती, आणि आमच्या शेतकऱ्यांना ती अंगवळणी पडलेली. बरकत, दोन, तीन, चार. वीस झाले की बाजूला एक खडा. मोजताना दुसरा शब्द नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे राशीचा तळ मोजायचा नाही. रास खाली येत येत मातीला टेकली की ते पायली उपडी ठेवायचे आणि उठायचे. उरलं ते हिशेबात न धरता धन्याच्या घरात जायचं. झाडून मोजली तर पुढच्या वर्षी रास पडत नाही, असं त्यांचे वडील सांगत. त्यामुळं त्यांची मोजणी नेहमी थोडी कमी भरायची. जास्त कधीच नाही.

मग पायल्या गेल्या आणि किलो आले. निजामाचं राज्य जाऊन दहाबारा वर्षं झाली होती. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, तराजू उभे राहिले. यापुढं मापाड्यांना लायसन मिळणार आणि ते आडत्यांच्या शिफारशीनं मिळणार, असं ठरलं होतं. मेहबूबभाई त्या लायसनची वाट बघत होते. घरात बायको आणि तीन लेकरं. काम नाही, म्हणून चार शेळ्या घेऊन ते कड्यावर बसायचे.

मी तेव्हा विशीतला मास्तर. हैदराबादच्या एका कॉलेजातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक तुळजापूरच्या देवीच्या दर्शनाला आले होते. घाटात त्यांची मोटार तापली, ते खाली उतरले, आणि त्यांनी वर बघितलं. झालं. दुसऱ्या दिवशी शाळेत हजर. "आश्विन-कार्तिकात इथून किती पाखरं जातात, हे कुणी मोजून कळवेल का?" आमच्या हेडमास्तरांनी माझ्याकडं बोट केलं. "हे मोजतील. यांचं अजून लग्न झालेलं नाही."

सकाळची शाळा सुटली की मी पळत कड्यावर जायचो, पण तोवर निम्मी पाखरं गेलेली असत. मग मेहबूबभाईंना गळ घातली. त्यांना गंमत वाटली. "पाखरांची रास मोजायची म्हणताव मास्तर? आन् माप कुठलं घ्यावं?" मी म्हटलं, "डोळे." ते म्हणाले, "डोळ्याला तोंडली कशी मारणार?" पायली भरल्यावर वरचं धान्य फळीनं सपाट करतात, त्याला तोंडली मारणं म्हणतात. असलं काहीतरी बोलून ते दोन-दोन दिवस हसायचे.

पण बसले. एका हिवराखाली, पांढरं मुंडासं कपाळापर्यंत ओढून, शेजारी खड्यांचा ढीग. खालून तुळजापूरच्या बाजूनं संबळाचा आवाज वाऱ्यावर यायचा आणि मध्येच तुटायचा. गवतात नाकतोडे उडायचे. त्यांची बायको फडक्यात भाकरी आणि लसणाची चटणी द्यायची. त्यातली अर्धी मी खायचो आणि वर चटणी तिखट म्हणून कुरकुर करायचो. पाखरं वर चढायला लागली की मेहबूबभाईंचा चेहरा खळ्यावरचा व्हायचा. ओठ हलायचे, आवाज नाही. वीस झाले की न बघताच हात खडा उचलायचा. मी बोललो तर डोळे वरच ठेवून मला गप्प करायचे: "चुप बैठो जी."

आणि मग थवा संपत आला, शेवटची आठ-दहा पाखरं अजून कड्यावर घिरट्या घालतायत, स्पष्ट दिसतायत, की हे उठायचे. अंगरखा झटकायचे.

"अहो, ती राहिली की!"

"राहू द्या."

"राहू द्या काय? दिसतायत समोर. मोजा!"

"तळ हाय त्यो. तळ मोजत न्हाईत."

"ही ज्वारी नाही मेहबूबभाई, पाखरं आहेत!"

"मंग? पुढल्या साली यायला नगं व्हय त्यांनी?"

माझ्या डोक्याची शीर उठायची. मी शास्त्र म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ते मन लावून ऐकायचे, "खरं हाय तुमचं" म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तळ सोडून उठायचे. एकदा मी रागानं त्यांचे खडे लाथेनं उधळले. त्यांनी एकेक खडा गोळा करून आणला. त्याचाही मला रागच आला.

मग मी माझ्या परीनं तोडगा काढला. ते आकडा सांगायचे, मी तळ भरायचो. दहा सोडले असतील तर दहा मिळवायचे, इतकं सरळ. पण सोडले किती, हे मी नेहमी बघायला असायचोच असं नाही. अंदाजानं पंधरा धरायचे, मग वीस. प्राध्यापकांना पोस्टकार्ड जायचं आणि त्यांचं उत्तर यायचं: फार मोलाचं काम आहे, इतकी पाखरं दुसरीकडून जात असल्याचं ऐकलेलं नाही. हे वाचलं की आमच्या धुळीच्या गावात बसून मला हैदराबादच्या कॉलेजातल्या खुर्च्या दिसायच्या. माझं नाव कुणीतरी तिथं वाचतंय असं वाटायचं. तळ वाढत गेला. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी राशीपेक्षा तळ मोठा झाला होता. मेहबूबभाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. मी काय लिहितो हे त्यांनी कधी विचारलं नाही. लिहिणं हे माझं काम, त्यात त्यांनी नाक खुपसलं नाही.

तिसऱ्या वर्षी दसरा झाल्यावर प्राध्यापक स्वतः आले. दुर्बीण, घडीची खुर्ची, छत्री. साहेब येणार म्हणून मोंढ्यातले दोन आडतेही डबे घेऊन आले होते; त्यांना सहल झाली. दोन दिवस आभाळ भरून होतं आणि पाखरं नावापुरती आली. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, चांगला थवा आला, आणि प्राध्यापक व मेहबूबभाई शेजारी शेजारी बसून मोजायला लागले. मी मागं उभा. चांगला थवा म्हणजे किती असतो हे आता उघड दिसत होतं.

शेवटची पाखरं राहिली आणि मेहबूबभाई उठले.

"हे काय? मोजणी अर्धवट सोडता तुम्ही?" प्राध्यापकांनी विचारलं.

"तळ हाय, साहेब."

प्राध्यापकांना काही कळलं नाही. त्यांनी दुर्बीण खाली घेतली आणि माझ्याकडं बघितलं. "मास्तर, आजचा दिवस तुमच्या मते चांगला होता ना? मग गेल्या वर्षी तुम्ही रोज याच्या तिप्पट लिहिलंय. ते मोजलं कुणी?"

मी म्हणालो, "हे मोजायचे. मी फक्त लिहून घ्यायचो."

एवढंच. माझा आवाजही कापला नाही. सगळे मेहबूबभाईंकडं वळले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे, खळ्यावर एखादा शेतकरी मध्येच बोलला की ते जसे बघत, तसं. मग प्राध्यापकांना म्हणाले, "व्हय साहेब. मीच मोजायचो."

आडत्यांपैकी एकजण खो-खो हसला. "म्हणून म्हटलं लायसनची एवढी घाई का! पाखरं तिप्पट करतो, तर तूर काय करंल?" दुसऱ्यानं त्यावर आणखी काही म्हटलं. त्या दिवसांत मुसलमान माणसाला लबाड ठरवायला फार पुरावा लागत नसे. एक हशा पुरायचा. मी मास्तर होतो, सगळ्यांना समजेल असं बोलणं हा माझा धंदा होता, आणि मी छत्री मिटत उभा राहिलो.

त्यांना लायसन मिळालं नाही. कुणी लेखी कारण दिलं नाही, त्याची गरजच नव्हती. तोवर मोंढ्यात म्हण तयार झाली होती. मेहबूबभाई काही वर्षं मोंढ्याच्या दारात हमाली करत राहिले. आत तराजूपाशी दुसरे मापाडी उभे, आणि बाहेर ज्यांच्या बापजाद्यांनी पायल्या मोजल्या ते पाठीवर पोती वाहतायत. गाडीवाले मुद्दाम हाक मारायचे, "मेहबूब, पोती किती झाली रं? तिप्पट सांगू नको." ते पोती मोजायचे नाहीतच. दुसऱ्याला विचारा म्हणायचे. रस्त्यात मी दिसलो तर आधी सलाम तेच करायचे. "बरं हाय का मास्तर?" याचा मला जो संताप यायचा, तो अजून गेला नाही. शिवी दिली असती तर मी मोकळा झालो असतो. त्यांनी मला तीही सवलत दिली नाही.

तेव्हाच का बोललो नाही? नोकरी जाईल म्हणून. मग लग्न ठरलं म्हणून. मग हेडमास्तर झालो म्हणून. मग मेहबूबभाई वारले, आणि आता बोलून काय उपयोग म्हणून. गप्प राहायला कारण कधी कमी पडत नाही, हे मला मुलांना शिकवता आलं असतं.

निखिल गेला त्या रात्री नीट झोप लागली नाही. त्यानं काही चूक केली नव्हती. त्याला जे मिळालं तेच त्यानं पुढं दिलं. उद्या त्याची पोरं तेच देतील. माणसाचं नाव लबाडीचं माप होऊन बसलं आणि ते बसवणारा एकटाच मागं उरलाय. सकाळी मी बेंबळीची एसटी धरली. मेहबूबभाईंची थोरली लेक रझिया तिथं असते, लग्न होऊन तिकडंच गेलेली. आता तिचीही सत्तरी आली. अंगणात उडीद पाखडत बसली होती.

"कोण? मास्तर? बसा." तिनं सूप थांबवलं नाही.

मी उभ्यानंच सांगायला सुरुवात केली. ती पाखडत राहिली. फोलपटं माझ्या पायांवर येत होती. सांगून झालं. तिनं सूप खाली ठेवलं.

"हे मला कशाला सांगताव?"

"तुला माहीत असावं म्हणून."

"मला ठावं हाय. अम्मीला ठावं हुतं. अब्बा घरी आल्याबरुबर बोलले, मास्तरनं माजं नाव घेतलं. नवी नोकरी हाय त्याची, घेऊ दे. आमाला सगळ्यांला ठावं हाय, मास्तर. तुमी ज्यांला ठावं न्हाय त्यांला सांगायचं सोडून इथं येऊन काय करताव?"

मी म्हटलं, "मी लिहिणार आहे. पेपरात देणार आहे."

"पेपरात!" ती इतकी वैतागली की सूप पुन्हा उचललं. "मोंढ्यातले हमाल पेपर वाचत्यात व्हय? ती म्हण कुठं निगाली? मोंढ्यात. मंग तिथं जावा. तिथं हुबं राहून सांगा. मी काय तुमाला माफी द्यायला बसले न्हाय, मला उडीद करायचाय." मग आत वळून तिनं सुनेला हाक मारली, "चाय ठेव गं, साखर कमी. म्हातारं माणूस हाय."

चहा फार चांगला होता. सगळा प्यालो. तिच्यावर चिडायला मला जागा नव्हती, म्हणून येताना सगळा राग एसटीच्या कंडक्टरवर काढला.

दोन दिवसांनी मोंढ्यात गेलो. सोयाबीनचे दिवस. ट्रॅक्टरांची रांग, हवेत सोयाबीनची धूळ, आकडे दाखवणारे विजेचे काटे, आणि कुणी कुणाचं ऐकत नाही असा आवाज. फाटकाजवळच्या शेडमध्ये एका पोत्यावर बसलो. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक हमाल, साठीचा असेल, मला म्हणाला, "आजोबा, माल कुठाय तुमचा?"

"माल नाही. एक सांगायचंय."

"सांगा की. ह्यो ट्रॅक्टर खाली हुईस्तोवर सांगा. मंग टाइम न्हाय."

मी सांगायला लागलो. वर्गात आयुष्य गेलं, पण इतकं वाईट कधी शिकवलं नसेल. मागचं पुढं झालं, पुढचं मागं. त्यानं तंबाखू मळायला घेतली. आणखी दोघं येऊन टेकले. एकानं विचारलं, "काय म्हणतंय म्हातारं?" दुसरा म्हणाला, "पाखरं मोजत्यात म्हणं." ते हसले. मी थांबलो नाही. राशीचा तळ ठेवायची गोष्ट निघाली तसा टॉवेलवाला तंबाखू मळता मळता थबकला.

"आमचा आजाबी तळ ठेवायचा," तो म्हणाला. "मंजी मेहबूबचाचा जादा मोजत न्हवते? कमी मोजायचे?"

"कमीच. नेहमी कमी."

"मंग ही म्हण उलटीच झाली की ओ." त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "मंग जादा कुणी केलं?"

"मी."

त्याला बहुतेक ऐकू आलं नाही. समोर इंजिनाचा आवाज होता. मी पुन्हा म्हणालो, मोठ्यांदा. "मी केलं. मेहबूबभाईंनी नाही. मी."

शेजारचे दोघं हसायचे थांबले. टॉवेलवाल्यानं तंबाखू तशीच चिमटीत धरली. मला वाटलं आता हा थुंकेल, शिवी देईल, किमान उठून जाईल. तो उठला. काट्यापाशी उभ्या असलेल्या माणसांकडं तोंड करून त्यानं हाक मारली, "आरं, ऱ्हाऊ द्या त्ये वजन. इकडं या सगळे." मग माझ्याकडं वळला.

"हां मास्तर. आता पैल्यापासनं सांगा. आन् मोठ्यानं सांगा."